मिळतोय तो पगार घेतला का नाही?

प्रश्न : नमस्कार ताई, मुलाला कॉलेजात अमेरिकेतल्या यादवी युद्धावर असाइनमेंट आलीय. त्यात वाचलं की उत्तरेच्या सैन्यातल्या, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ५४व्या रेजिमेंटमधल्या काळ्या शिपायांनी दीड वर्ष पगारच घेतला नाही. बरेचसे आधीपासून स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेले, स्वतःहून भरती झालेले. मग मिळतंय ते घ्यायचं आणि भांडायचं ना! माझे मिस्टर बोटीवर असतात, पैसे महिनाभर लांबले की घरात काय होतं ते मला विचारा. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : अहो, घेतले असते तर भांडण तिथंच मिटलं असतं. १८६३ला भरती करताना कबूल केले गोऱ्या शिपायाइतके महिना १३ डॉलर, आणि द्यायच्या वेळी काढले १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७. कारण काय, तर सरकारनं त्यांना १८६२च्या अशा कायद्यात बसवलं की ज्यात मुख्य हिशेब खंदक खणणाऱ्या, छावणीत राबणाऱ्या मजुरांचा होता. ते ७ घेतले म्हणजे आपण शिपाई नाही, मजूर, हे मान्य. राज्य सरकार वरचा फरक भरून द्यायला तयार झालं, तर तेही नको म्हणाले! मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

आणि हे काही छावणीत बसून नाही हां. जुलै १८६३मध्ये चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या किल्ल्यावर सहाशेच्या आसपास चालून गेले, त्यातले अडीचशेच्या वर मेले, जखमी झाले नाहीतर सापडलेच नाहीत. तेव्हाही पगार शून्य. घरून बायकांची पत्रं येतायत, पोरांना खायला नाही, त्यामुळे तुमचा राग मला कळतो, उपास घरच्यांनाच पडला.

यातला जेम्स हेन्री गुडिंग तुमच्या मिस्टरांसारखाच बोटीवरचा, देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर काम केलेला. त्यानं सप्टेंबरात थेट लिंकनला पत्र लिहून विचारलं, आम्ही शिपाई की मजूर? समान पगाराचा कायदा जून १८६४मध्ये झाला, हा मात्र तेव्हा शत्रूच्या अँडरसनव्हिल कैदखान्यात, आणि जुलैत तिथंच वारला.

त्या कायद्यातही मेख होतीच, मागची पूर्ण थकबाकी फक्त युद्धाच्या सुरुवातीला, १९ एप्रिल १८६१ला, जे स्वतंत्र होते त्यांना. मग रेजिमेंटचा प्रमुख कर्नल हॅलोवेल यानं शपथच अशी बनवली की त्या दिवशी कुणाचंही फुकट राबण्याचं देणं माझ्यावर नव्हतं. देवाच्या कायद्यानं तसं कुणावरच नसतं, त्यामुळे पूर्वी गुलाम असलेल्यांनीही ती बिनदिक्कत घेतली. ज्या बाकीच्यांना भरतीवेळी समान पगार कबूल केला होता त्यांचं मार्च १८६५मध्ये मार्गी लागलं, तेवढं मुलाला असाइनमेंटमध्ये घालायला सांगा.