मार्केटिंगची पहिली नोकरी: वाचकांचे प्रश्न

परीक्षा जवळ आल्या की पत्रांचा ओघ वाढतो आणि बहुतेकांत एकच गोंधळ असतो: या क्षेत्रात शिरायला सर्टिफिकेट लागतं की काम दाखवावं लागतं? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी कला शाखेची. एमबीए नसेल तर मार्केटिंगमध्ये घेतात का?

घेतात. ब्रँड मॅनेजरच्या काही जागांसाठी एमबीए मागतात. कंटेंट किंवा सोशल मीडियाच्या सुरुवातीच्या जागांसाठी सहसा अडत नाही. अर्ज करण्याआधी जाहिरातीतली पात्रता नीट वाचा.

प्रश्न : मित्र म्हणतात, मार्केटिंग म्हणजे शेवटी दारोदार माल विकणं. खरं का?

नाही. मार्केटिंगचे अमेरिकन प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन हे चार 'पी' मांडले. प्रत्यक्ष विक्री त्यातल्या प्रमोशनचा एक भाग. ऐकीव गोष्टींवर करिअर ठरवू नका. मात्र सेल्सला कमीही लेखू नका. ग्राहकासमोर वर्षभर उभं राहिलेल्याला पुढे जाहिरात लिहिताना समोरचा कुठे अडतो ते ठाऊक असतं. तशी नोकरी आली, तर टार्गेट न झाल्यास पगाराचं काय, हे लेखी विचारून घ्या.

प्रश्न : एका क्लासचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स आहे. 'शंभर टक्के नोकरीची हमी' देतात. फी मोठी आहे, पण कर्जाची सोय तेच करून देतात. आजच सही केली तर सवलत आहे. घेऊ का?

आज सही करू नका. हे पत्र मला वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सतत येतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण बऱ्याचदा ते सही झाल्यानंतर येतं.

आधी करार मागा आणि घरी नेऊन वाचा. हमी माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत असते. करारात तिला अटी चिकटलेल्या असतात. इतकी हजेरी हवी, अमुक मुलाखती द्यायलाच हव्यात, पहिली ऑफर नाकारली की हमी संपली. ऑफर कुठल्या कामाची आणि किती पगाराची, ते बहुधा लिहिलेलंच नसतं. कर्ज सहसा वेगळ्या वित्तसंस्थेचं असतं. क्लास मधेच सोडला, तरी हप्ते चालूच राहतात. आणि 'आजच'ची सवलत तुम्ही चौकशी करू नये म्हणूनच असते.

मग शिकवतात काय ते तपासा. डेमोला बसलात, तर गुगल अ‍ॅनालिटिक्सचं चालू खातं उघडून दाखवा म्हणा. वेबसाइटवर किती लोक आले आणि त्यांनी काय केलं, हे मोजणारं ते साधन. जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद होत गेलं, त्याच्या जागी जीए४ ही नवी आवृत्ती आली. पडद्यावर अजून त्या जुन्या आवृत्तीतल्या 'गोल्स'चे स्क्रीनशॉट फिरत असतील, तर तुमच्या फीमधून अद्ययावत काहीच मिळणार नाही.

गुगल अ‍ॅड्सचं प्रशिक्षण आणि परीक्षा गुगलच्याच स्किलशॉप या प्रशिक्षण साइटवर मोफत आहे. ८० टक्के मिळाले की सर्टिफिकेट हातात येतं आणि ते एकच वर्ष चालतं. मार्केटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हबस्पॉट कंपनीच्या अकॅडमीतही मोफत कोर्स आहेत. ते करून बघा, आवड टिकते का पाहा. तरीही क्लास हवासा वाटला, तर तिथून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना स्वतः शोधून बोला. क्लासने पुढे केलेल्यांना नव्हे. कर्जाचे कागद घरच्यांना, कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला आणि जमलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

प्रश्न : कॉलेज महोत्सवाचं इन्स्टाग्राम मी सांभाळलं. रेझ्युमेत 'फॉलोअर्स वाढवले' लिहिलं तर चालेल?

तेवढ्याने काहीच कळत नाही. जाहिरात १०,००० वेळा दिसली, २०० जणांनी क्लिक केलं, ६ जणांनी नोंदणी केली असं लिहा. म्हणजे क्लिकचं प्रमाण २ टक्के आणि क्लिक करणाऱ्यांपैकी नोंदणी ३ टक्के. मुलाखत घेणारा लगेच विचारेल, उरलेले १९४ परत का गेले? फॉर्ममध्ये पहिल्याच रकान्यात फोन नंबर मागितला होता, तो शेवटी नेल्यावर काय फरक पडला, हे सांगता आलं तर मुलाखत तिथून खरी सुरू होते. विकत घेतलेले फॉलोअर्स असतील तर उल्लेखच नको; पोस्टखालच्या कॉमेंट पाहिल्या की ओळखू येतात. आकडे बाहेर दाखवण्यापूर्वी आयोजकांची परवानगी घ्या.

प्रश्न : निकाल लागल्यावर पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह, सुरू केला तर चालेल ना?

नाही. या आठवड्यात सुरू करा. निकालाची वाट पाहण्यात जे महिने जातात, त्याच महिन्यांत दुसरा कुणी तीन कामं करून दाखवतो.

प्रश्न : जाहिरातींचा मजकूर आता एआय लिहितं. मग तो मजकूर लिहिणारा कॉपीरायटर व्हावं का?

लिहिण्याची आवड असेल तर व्हा. एआय दहा मथळे देतं. त्यातला कुठला या ग्राहकाला पटेल आणि कुठल्यातला दावा खोटा ठरेल, हे ठरवणारं माणूस लागतं. फक्त जुळवाजुळव करणाऱ्यांची कामं कमी होतील, ही भीती मात्र खरी आहे. एखाद्या एजन्सीत काम करणाऱ्या सीनियरला भेटून, सध्या नवशिक्यांकडून काय करून घेतात ते विचारा.

प्रश्न : निवडीचं पत्र आलंय. रुजू होण्याआधी लॅपटॉपसाठी डिपॉझिट मागतात.

भरू नका. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून नंबर घेऊन स्वतः फोन करा आणि जागा खरी आहे का ते विचारा. भरले असतील, तर बँकेला आणि सायबर पोलिसांना आजच कळवा.