शाळेतील ध्वजवंदन आणि विद्यार्थ्यांचे ध्वजपथक

स्वातंत्र्यदिनी शाळेत प्रथमच विद्यार्थ्यांचे ध्वजपथक उभे करायचे असेल, तर रचना कशी असावी, आज्ञा कोणी द्याव्यात आणि प्रभातफेरीत ध्वज कोठे असावा, असे आपण विचारले आहे. २६ जानेवारी २००२ पासून अमलात असलेल्या भारतीय ध्वज संहितेत शैक्षणिक संस्थांसाठी नमुना सूचना दिलेल्या असून त्यांत संचलनाची सूत्रे विद्यार्थिप्रमुखाकडे सोपवलेली आहेत. क्रीडाशिक्षकांनीच ध्वनिक्षेपकावरून सगळ्या आज्ञा द्यायच्या, ही आपल्याकडे रुळलेली पद्धत मला म्हणूनच पटत नाही.

विद्यार्थी चौकोनाच्या तीन बाजूंना उभे राहतात, चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ असतो आणि मुख्याध्यापक, विद्यार्थिप्रमुख व ध्वज फडकवणारे पाहुणे स्तंभाच्या तीन पावले मागे असतात. सर्वांत वरची इयत्ता उजव्या टोकाला येते आणि दोन रांगांत किमान एक पाऊल, म्हणजे ३० इंच, अंतर ठेवायचे असते. प्रत्येक वर्गप्रमुख पुढे येऊन विद्यार्थिप्रमुखाला सलामी देतो, सगळे वर्ग सज्ज झाल्यावर विद्यार्थिप्रमुख मुख्याध्यापकांना सलामी देतो, आणि ध्वज फडकण्यापूर्वी ‘सावधान’ची व तो उलगडताच सलामीची आज्ञाही तोच देतो. त्यानंतर राष्ट्रगीत होते. प्रतिज्ञा घ्यायची असल्यास ती राष्ट्रगीतानंतर.

प्रभातफेरीत राष्ट्रध्वज दुसऱ्या एखाद्या ध्वजासोबत असेल, तर तो चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला असावा; इतर ध्वजांची रांग असेल, तर त्या रांगेच्या मध्याच्या पुढे. पाहुणे कितीही मोठे असोत, त्यांच्यासमोर राष्ट्रध्वज झुकवायचा नाही. शाळेचा किंवा स्काउट पथकाचा ध्वज त्याच स्तंभावर लावू नये.

सर्वाधिक फजिती होते ती दोरीची. ऑगस्टच्या पावसात सुती दोरी भिजून फुगते, कप्पीत अडकते आणि सरकगाठ ऐन वेळी सुटत नाही; म्हणून आदल्या दिवशी कप्पी तपासावी, दोरी कोरडी ठेवावी आणि घडी घालण्यापूर्वी केशरी पट्टा वरच्या बाजूला बांधला गेला आहे ना, हे ध्वजपथकातील दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास राष्ट्रीय दिनी हरकत नाही, मात्र त्या मूठभरच असाव्यात, कारण ओल्या पाकळ्यांच्या वजनाने घडी अर्धवट उलगडते.

उघड्यावरील ध्वज रात्रीही फडकत ठेवण्याची मुभा जुलै २०२२ च्या दुरुस्तीने मिळाली आहे. तरीही पावसाळ्यात शाळेने तो सायंकाळी उतरवावा, असे माझे मत आहे. ध्वज चढवताना वेगाने चढवायचा आणि उतरवताना सावकाश उतरवायचा असतो; हे कामही सकाळच्याच ध्वजपथकाकडे द्यावे आणि त्याचा सराव आदल्या दिवशीच करून घ्यावा.