वाचनालयाच्या पेजवर टाकायचं तरी काय?
गावच्या जुन्या वाचनालयाच्या पेजला कोणी बघत नाही म्हणताय, तर आधी हारतुऱ्यांचे फोटो कमी करा आणि कपाटातलं बाहेर काढा. जुन्या मोडी लिपीतलं एखादं पान टाका, कोपऱ्यातला शिक्का, कसरीने खाल्लेली कड सगळं दिसेल असं, आणि सरळ विचारा कुणाला वाचता येतंय का, मोडी वाचणारे आहेत हो अजून, कमेंटमध्ये ओळ न ओळ लावून देतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर साधारण ३,००० जुने फोटो टाकले तर त्यातली कितीतरी माणसं, जागा लोकांनीच ओळखून दिल्या. फक्त फोटोखाली संस्थेचं नाव आणि नोंद क्रमांक लिहाच, नाहीतर तो व्हॉट्सअपवर फिरत राहतो आणि मूळ कागद कुठला ते कुणालाच कळत नाही.