हाड लांबवताना नस तुटत का नाही?

प्रश्न : अपघातानंतर माझ्या पुतण्याचा एक पाय आखूड राहिला. आता हाड कापून, बाहेरून धातूची कडी बसवून तो दररोज एक मिलिमीटर लांबवला जात आहे. फटीत नवे हाड भरते हे समजले. पण चेतापेशी जन्मानंतर विभागत नाहीत असे आम्ही शाळेत शिकलो. मग पायातल्या नसा लांब कशा होतात? की त्या नुसत्याच ताणल्या जातात? (एक वाचक, मिरज)

उत्तर : बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि चेतातंतूंच्या जुडग्यालाही, आपला प्रश्न दुसऱ्या नसेविषयी आहे. शाळेत शिकलात ते चूक नाही, परंतु पेशींची संख्या न वाढताही एकेका पेशीची लांबी वाढू शकते. पाठीच्या कण्यापाशी असलेल्या चेतापेशीपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू, म्हणजे त्या पेशीचाच लांब धागा, प्रौढ माणसात जवळपास एक मीटर लांब असतो, आणि जन्मतः बाळाची सगळी उंचीच सुमारे ५० सेंटीमीटर असते. म्हणजे बोटांशी जोडणी झाल्यानंतर, दोन्ही टोके बांधलेली असतानाच, तो तंतू कित्येक पटींनी वाढलेला असतो.

गर्भातली सुरुवातीची वाढ वेगळी असते. तेव्हा तंतूच्या टोकाशी पसरट, हालता असा वाढीचा शंकू असतो. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले, आणि रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील ऊती शरीराबाहेर ठेवून जिवंत तंतू वाढताना पाहिले. हा शंकू बोटांसारखे बारीक धागे पुढे टाकतो, पृष्ठभागाला चिकटतो आणि मागच्या तंतूला ओढतो. म्हणजे ओढ सुरुवातीपासून असतेच. स्नायूशी किंवा त्वचेशी जोडणी झाली की शंकूचे काम संपते, आणि पुढे ओढण्याचे काम वाढते शरीर करते.

ही ओढ खरोखरच वाढ घडवते का, हे डेनिस ब्रे यांनी १९८४ मध्ये तपासले. कोंबडीच्या भ्रूणातील चेतापेशीच्या टोकाला काचेची अतिसूक्ष्म सुई चिकटवून त्यांनी ती हळूहळू लांब नेली, तेव्हा तंतू न तुटता सुईमागोमाग वाढत गेला. पुढे २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी सुरुवातीला वेग कमी ठेवून, तो टप्प्याटप्प्याने वाढवत, अक्षतंतूंच्या जुडग्यांना दिवसाला ८ मिलिमीटरपर्यंतच्या गतीने १० सेंटीमीटर लांब केले. इजा झालेली नस स्वतःहून दिवसाला साधारण एक मिलिमीटरच पुढे सरकते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. रबर ताणले की बारीक होते. इथे मात्र ताण पोहोचताच पेशी नवी प्रथिने आणि नवे पटल (पेशीचे आवरण) तयार करून तंतूच्या लांबीत भर घालत राहते. मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

अचानक बसणारा झटका सोसण्याची सोयही तंतूत आहे. त्याच्या आतल्या बाजूने ॲक्टिन या प्रथिनाची वलये आणि त्यांना जोडणारे स्पेक्ट्रिन या दुसऱ्या प्रथिनाचे रेणू असे जाळे असते. पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि बंगळूरची रामन संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये दाखवले, की ताण वाढला म्हणजे हे जाळे गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखे काम करते. स्पेक्ट्रिनच्या घड्या उलगडतात आणि तंतूवरचा भार हलका होतो.

मर्यादा मात्र आहे, आणि ती पुष्कळदा नसेतल्या रक्तपुरवठ्याची असते. सशांवरील प्रयोगात नस सुमारे ८ टक्के ताणल्यावर तिच्यातील रक्तप्रवाह अडखळू लागला आणि सुमारे १५ टक्क्यांना पूर्ण थांबला. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी रूढ केलेल्या पद्धतीत दिवसाचा एक मिलिमीटरही एका वेळी न देता पाव-पाव मिलिमीटरने चार वेळा दिला जातो, तो ऊतींना प्रत्येक टप्प्यात सावरता यावे म्हणून. तेव्हा कड्यांचे फेरे घरी कोणी फिरवत असेल, तर लवकर संपावे म्हणून ते एकदम देऊ नयेत. पायाला बधिरपणा किंवा मुंग्या आल्या, अथवा पाऊल वर उचलता येईनासे झाले, तर पुढचा फेरा देण्याआधी शल्यचिकित्सकांना कळवावे. ते वेग कमी करतात किंवा लांबवणे काही काळ थांबवतात.

प्रश्न : गर्भात चेतातंतूंना वाट रासायनिक खुणांनी सापडते असे वाचले. बलांचा त्यात काही भाग असतो का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : असतो. २०१६ मध्ये केंब्रिज येथील प्रयोगांत आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणातील मेंदूचा कडकपणा मोजला, तेव्हा डोळ्याकडून येणारे तंतू कडक भागाकडून मऊ भागाकडे वळताना दिसले. ऊतींचा कडकपणा बदलला किंवा पेशीपटलावरील, दाब-ताण ओळखणारे पिएझो-१ हे प्रथिन कमी केले, तर तंतू वाट चुकत होते. पिएझो प्रथिनांचा शोध २०१० मध्ये लागला, आणि त्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रासायनिक खुणा आपल्या जागी आहेतच. पण त्या वाचणारा शंकू पायाखालची जमीनही चाचपत असतो.