वारा कुठून आला?

बडोदे, मेअखेर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सकाळी आभाळ भरून आलेलं, मोबाईलवर पावसाचं चित्र, आणि दांडिया बाजारात दिवसभर एक टिपूस नाही. मग अंदाज बघायचे तरी कशाला, असं तू विचारलंयस. त्याआधी मला एवढं सांग, त्या दिवशी वारा कुठून होता? पत्रात ढगांचा रंग आहे, उकाडा आहे, वाऱ्याची दिशा नाही. हवामान शिकायचं असेल तर सुरुवात तिथूनच कर. ढगाला लागणारी वाफ, ऊब आणि वर ढकलणारा जोर, सगळं वारा घेऊन येतो.

हवा एखाद्या मुलखावर काही दिवस पडून राहिली की त्या मुलखाचे गुण घेते. अशा शेकडो कोस पसरलेल्या, एकाच स्वभावाच्या हवेला वायुराशी म्हणतात. बडोद्याला मुख्यतः तीन दिशांनी हवा येते. वायव्येकडून थरच्या वाळवंटाची आणि बलुचिस्तानची कोरडी हवा, मेमध्ये भाजून काढणारी आणि जानेवारीत गारठवणारी. नैऋत्येकडून अरबी समुद्राची दमट. आणि भर पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून, मध्य प्रदेश ओलांडून, कमी दाबाच्या क्षेत्राबरोबर आलेली. दिशा कळली आणि महिना ठाऊक असला की निम्मं काम होतं.

त्या कोरड्या दिवसाचं कारण असं. मेअखेरीस नैऋत्येचा वारा सुरू होतो, पण त्याचा ओला थर जेमतेम एक-दीड किलोमीटर जाड असतो. त्याच्या वर अरबस्तान-इराणकडून आलेली गरम, कोरडी हवा पातेल्यावर झाकण ठेवावं तशी बसलेली असते. खालची वाफ वर चढते, झाकणाला अडते आणि आडवी पसरते. म्हणून सकाळी आभाळ भरलेलं दिसतं आणि अकरापर्यंत ऊन त्याला खाऊन टाकतं. जोराचा पाऊस पडायचा तर ओल पाच-सहा किलोमीटरपर्यंत चढावी लागते. गच्चीवरून हा फरक ओळखता येतो. ढगांची खालची बाजू सपाट आणि वरचीही सपाट, आणि ते भराभर ईशान्येकडे पळताहेत, तर झाकण शाबूत आहे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग उंच वाढू लागले, तर ते कुठेतरी फुटलं.

आणखी एक खूण, आणि ही मला सगळ्यांत मोलाची वाटते. खालचे ढग बघून झाले की फटीतून दिसणारे अगदी वरचे, पिसासारखे पांढरे ढग बघ. एखाद्या खांबाच्या टोकाशी नजर स्थिर ठेवून पाच मिनिटं थांबलं की ते कुठून कुठे सरकतात ते कळतं. पावसाळ्याआधी ते पश्चिमेकडून येतात. मान्सून स्थिरावला की खालचे ढग नैऋत्येकडून आणि हे वरचे पूर्वेकडून, असं दुपदरी आभाळ दिसतं. पावसाळ्यातला हा उंचावरचा पूर्वेचा झोत पी. कोटेश्वरम या आपल्या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये जगापुढे मांडला. दोन थरांच्या उलट्या चाली जुळल्या की पाऊस टिकणार, असं मी बेधडक म्हणेन.

आता वही. वेळा दोनच ठेव, सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३०. हवामान खात्याच्या मुख्य नोंदी याच वेळांच्या असतात, त्यामुळे तुझे आकडे त्यांच्या नकाशांशी ताडून बघता येतील. रकाने हे ठेव: वाऱ्याची दिशा, जोर, कोरडा तापमापक, ओला तापमापक, दाब, खालच्या ढगांची चाल, वरच्या ढगांची चाल, मागच्या चोवीस तासांचा पाऊस.

वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, घरी करता येतो. सायकलच्या चाकाची जुनी आरी उभी धर, तिच्यावर मोकळी फिरणारी आडवी काडी बसव, मागे पातळ पत्र्याचं रुंद शेपूट आणि पुढे टोकाला तोल सांभाळणारं वजन. शेपूट मोठं, टोक लहान. टोक जिकडे वळेल तिकडून वारा येतोय. नैऋत्य वारा म्हणजे नैऋत्येकडून आलेला. सागरी प्रवाहाला मात्र तो जिकडे जातो त्या दिशेचं नाव देतात, आणि इथे पुष्कळ जण फसतात. बसवताना पाण्याच्या टाकीच्या आणि कठड्याच्या आडोशाला बसवू नकोस. टाकीमागे वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि तुझ्या वहीत आठही दिशा येतील. प्रमाण मोजणी मोकळ्या जागेत १० मीटर उंचीवर करतात. ते जमणार नाही, पण टाकीच्या माथ्यापेक्षा दोनेक मीटर वर तरी ने.

दिशा आखताना सूर्याच्या सावलीवर जाऊ नकोस. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि बडोदे ७३.२ वर, म्हणून इथली खरी माध्यान्ह बारा वाजता नसते, सरासरीने १२.३७ च्या सुमारास येते. शिवाय जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सावलीच उरत नाही. रात्री ध्रुव शोध. इथून तो उत्तर क्षितिजापासून साधारण २२ अंशांवर असतो, हात लांब करून पसरलेल्या पंजाच्या वितीएवढा. त्याच्या खाली कठड्यावर खडूने रेघ मार, की उत्तर पक्की झाली.

जोर मोजायला यंत्र लागत नाही. झाडांची पानं सळसळली तर ताशी ६ ते ११ किलोमीटर. बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले तर २० ते २८.

कोरड्या-ओल्या तापमापकांवर जास्त लक्ष दे. दोन सारखे तापमापक घे, एकाच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळ, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोड. पाणी ऊर्ध्वपातित, बॅटरीत घालतात ते चालेल. नळाच्या पाण्याने वातीवर क्षार साचतात, ती पाणी ओढेनाशी होते आणि ओला तापमापक चढा आकडा दाखवायला लागतो. वात आठवड्याने बदल. दोन्ही सावलीत, वारा लागेल असे, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर टांग. पश्चिमेच्या भिंतीला टांगलेस तर संध्याकाळी भिंतीचं तापमान मोजशील. मेच्या दुपारी कोरडा ४१ आणि ओला २३-२४ म्हणजे वायव्येची हवा. कोरडा ३० आणि ओला २८ म्हणजे समुद्राची हवा घरात शिरली. मधलं अंतर तीन-चार दिवस सतत आकसत गेलं, तर वर्तमानपत्रात यायच्या आधी मान्सूनची चाहूल तुला लागलेली असेल.

दाबासाठी मोबाईलमधला वायुदाबमापक पुरतो, पण त्याचे दोन फसवे गुण आहेत. सुमारे साडेआठ मीटर वर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं हे एकक) कमी होतो, म्हणून नोंद नेहमी एकाच मजल्यावरून घे. दुसरं, आपल्याकडे दाब रोज दोनदा भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास उंच, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खोल, दोन्हींत तीनेक हेक्टोपास्कलचा फरक. नवखा माणूस दहाला बघतो, चारला बघतो आणि वादळ येतंय म्हणून सांगत सुटतो. आजच्या साडेआठची तुलना कालच्या साडेआठशीच कर. तिथे तीन-चार हेक्टोपास्कल उतरले असतील, तर खरोखर काहीतरी येतंय.

ते काय येतंय, हे वाऱ्याला पाठ दे आणि शोध. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला असतो. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाचा हा नियम १८५७ चा, आणि गच्चीवर आजही कामाला येतो. पूर्वेकडून कमी दाबाचं क्षेत्र येत असेल तर आधी वारा उत्तरेचा होईल. मग तो पश्चिमेकडे वळत दक्षिणेला गेला, तर केंद्र तुझ्या उत्तरेकडून जातंय. पूर्वेकडून वळत दक्षिणेला गेला, तर केंद्र दक्षिणेकडून. पहिल्या प्रकाराला जास्त घाबर. पश्चिमेकडे जाणाऱ्या मान्सूनच्या कमी दाबात सर्वांत जोराचा पाऊस नैऋत्य भागात पडतो, आणि केंद्र उत्तरेला असलं की आपण त्याच्याच वाटेत येतो.

ऑगस्ट २०२४ चा पूर तुला आठवत असेल. मध्य प्रदेश-राजस्थानच्या बाजूने आलेला अतितीव्र कमी दाबाचा पट्टा जमिनीवर असूनही विरला नाही. भिजलेली जमीन आणि अरबी समुद्राची ओल त्याला पुरत राहिली. कच्छ ओलांडून तो समुद्रात गेला आणि ३० ऑगस्टला त्याचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. १८९१ पासूनच्या नोंदींत ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ होण्याची त्याआधी तीनच उदाहरणं होती: १९४४, १९६४, १९७६. शहरातला पाऊस ओसरला म्हणून विश्वामित्रीही उतरेल असं समजू नकोस. ती पावागढकडून येते आणि आजव्याच्या तलावाचं पाणीही तिच्यातच येतं. नदीसाठी ईशान्येचा पाऊस बघ, गच्चीवरचा नव्हे.

एका बाबतीत दाबही दगा देतो. गुजरातवर कधीकधी चक्राकार वारे तीन ते पाच किलोमीटर उंचीवरच जोर धरतात, जमिनीजवळ दाब फारसा उतरत नाही, आणि धो धो पाऊस होतो. हवामान खात्याच्या पत्रकात ‘समुद्रसपाटीपासून इतक्या किलोमीटरवर चक्राकार वारे’ असं वाक्य असतं, ते लोक गाळून वाचतात. तू तेच आधी वाच.

आघाड्यांबद्दल थोडक्यात. पुस्तकातल्या त्रिकोण आणि अर्धवर्तुळांच्या रेघा म्हणजे आघाड्या, दोन वायुराशींमधल्या सीमा. ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गनमध्ये मांडली गेली, युरोपच्या हवेसाठी. बडोद्यात थंड-गरमपेक्षा कोरड्या-ओल्या हवेची सीमा जास्त महत्त्वाची. एप्रिल-मेच्या संध्याकाळी खंभातच्या आखाताकडून वारा सुटतो, तेव्हा ती तुझ्या डोक्यावरून सरकते: वातकुक्कुट दक्षिण-नैऋत्येला वळतो आणि ओला तापमापक चढतो. वळवाच्या गडगडाटी ढगातून कोसळलेली थंड हवा धुळीची भिंत उठवत येते, तीही छोटी आघाडीच. मात्र तेव्हा नोंदी सोडून गच्चीवरून खाली ये. लोखंडी आरीचा खांब वर आहे, हे विसरू नकोस. वीज चमकल्यापासून आवाज यायला तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची क्षेत्रं, म्हणजे पश्चिमी चक्रावात, आपल्या उत्तरेच्या बाजूने पुढे सरकतात. आधी वारा आग्नेयेचा होतो, रात्र उबदार जाते, उंच पातळ ढग येतात. मग वारा वायव्येला फिरतो, ओला तापमापक झपकन उतरतो आणि दोन दिवसांत गारठा. संक्रांतीला सकाळी आठला पतंग उठत नाही, त्याचं कारणही गारठाच: रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि वरचा वारा खाली पोचत नाही. नऊ-दहाला ऊन लागलं की थर सुटतो आणि फिरकी हातातून निसटू लागते. त्या दिवशी अख्खं शहर उंचावरचा वारा मोजत असतं. तूही पतंग कुठल्या दिशेला झुकतो ते लिही.

समुद्राचं काम संथ आहे. मॉरिशसजवळच्या उंच दाबातून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या डोंगरांना घासून सोमालियाजवळ वळतो आणि दीडेक किलोमीटर उंचीवर झोत बनून आपल्याकडे येतो. हा झोत फिंडलेटर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये दाखवला. तो किनाऱ्याचं पाणी दूर लोटतो, खालचं थंड पाणी वर येतं, आणि सोमालियाजवळचा सागरी प्रवाह, जो हिवाळ्यात दक्षिणेला वाहतो, उन्हाळ्यात उत्तरेला वळतो. प्रशांत महासागर तापून एल निनो झाला की आपला पाऊस बहुधा घटतो: २००२ मध्ये देशात १९ टक्के तूट, २००९ मध्ये २२. पण १९९७ चा एल निनो जबर असूनही पाऊस सरासरीएवढा झाला, कारण हिंद महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा उबदार होता. म्हणून एल निनोची बातमी हंगामासाठी वाच, उद्याच्या छत्रीसाठी नको.

जून लागायला चार-पाच दिवस आहेत. आधी ध्रुव बघून रेघ मार, कारण ढग आले की तो दिसणार नाही. मग वात बांध. पहिल्या पंधरा दिवसांची पानं माझ्याकडे पाठव, चुकलेल्या नोंदी खोडू नकोस, तशाच राहू देत. दिशेच्या रकान्यात रोज वेगळी दिशा दिसली तर आपण आधी टाकीकडे बघू.

तुझा
काका