मामांची जुनी मॉरिस मायनर विकायची आहे, योग्य किंमत कशी कळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामा गेले आणि त्यांची १९६०च्या दशकातली मॉरिस मायनर बरीच वर्षं गॅरेजात बंद पडून आहे. मामांच्या ओळखीतले एक गृहस्थ ती 'आहे तशी' उचलायला तयार आहेत, पण त्यांना या आठवड्यातच होकार हवाय. तुमचा भाऊ म्हणतो, आधी चालू करू, रंग मारू, मग दुप्पट पैसे येतील. तुम्हाला गाड्यांतलं काही कळत नाही, मामांचा तिच्यात जीव होता एवढंच माहीत आहे.

मी जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा गाड्या अशाच, मालकाच्या मागे राहिलेल्या असतात. त्या गृहस्थांना आत्ता होकार देऊ नका आणि भावालाही गाडीला हात लावू देऊ नका, हे माझं स्पष्ट मत. गाडी नेमकी कोणती आहे आणि तिच्या बाबतीत आजवर काय काय झालंय हे कळल्याशिवाय तिचा भाव कोणीच सांगू शकत नाही. आणि हे ज्यावरून कळतं त्या खुणा घाईघाईच्या धुण्या-रंगवण्यात पुसल्या जातात, नाहीतर घर आवरताना रद्दीत जातात.

सगळ्यात आधी गाडी विकण्याचा हक्क कोणाचा, ते बघा. मामांनी मृत्युपत्र केलं असेल तर ते अमलात आणणारी व्यक्ती, नसेल तर कायद्याने जे वारस ठरतील ते सगळे. एकाही वारसाची लेखी संमती राहिली तर पुढे घेणाऱ्यालाही त्रास आणि तुम्हालाही. इस्टेटीच्या हिशेबासाठी बहुतेक ठिकाणी मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. विम्यासाठी काढलेली किंमत वेगळी असते. तशीच दुसरी गाडी पुन्हा मिळवायला काय पडेल असा तिचा हिशेब असल्याने ती सहसा जास्त असते. मामांच्या जुन्या विमा पॉलिसीवरचा आकडा बघून तेवढेच पैसे मिळतील असं धरून चालू नका.

आता भावाच्या 'चालू करून बघू'बद्दल. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी लावून सेल मारणं हा नुकसानीचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. टाकीतलं पेट्रोल केव्हाच खराब झालेलं असतं. त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो आणि टाकीतला गंज त्याच्या मागोमाग पाइपात येतो. सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरून पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. अशा वेळी स्टार्टरने जोर लावला की रिंग तुटते किंवा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे जातात, आणि जे काम तेलाच्या चार थेंबांत झालं असतं त्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. मायनरची आणखी एक गोष्ट आजच्या मेकॅनिकला पटकन आठवत नाही: डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) असलेल्या या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावलं की गडबड झालीच.

चालू करायचीच असेल तर जाणकाराकडून, पायरीपायरीने. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं, काही दिवस तसंच राहू द्यायचं, मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हँडल घालून हाताने इंजिन हळूच फिरवून बघायचं. मायनरला हँडलची सोय आहे आणि ते हँडल बहुतेक डिकीत सापडेल. इंजिन हाताने मोकळं फिरलं तर तेवढंच जाहिरातीत लिहा. 'इंजिन जाम नाही, हाताने फिरतं' या वाक्यावर जाणता ग्राहक खूश होतो. ब्रेकवर मात्र अजिबात भरवसा ठेवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आतले सिलिंडर गंजून धरतात. गाडी ढकलून बाहेर काढतानासुद्धा चाकाला लावायला लाकडी ठोकळा जवळ ठेवा.

रंगाचं म्हणाल तर विकण्यासाठी मारलेल्या रंगाचे पैसे क्वचितच वसूल होतात. घेणाऱ्याला ताजा रंग दिसला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, खाली काय दडवलंय? फॅक्टरीचा मूळ रंग, फिका पडलेला का असेना, पत्र्याची खरी हालत दाखवतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉ. हॅरॉल्ड कार यांच्या १९३७च्या बुगाटी टाइप ५७एसचं उदाहरण घ्या. त्यांनी ती १९५५ मध्ये घेतली होती आणि नंतर अनेक दशकं ती गॅरेजात नुसती उभी होती. २००७ मध्ये ते गेल्यावर ती नातेवाइकांकडे आली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात, कसलंही नूतनीकरण न करता, सुमारे ३४ लाख युरोंना गेली. तिचे पहिले मालक शर्यतपटू अर्ल हाउ होते आणि हा इतिहास कागदोपत्री होता. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या बायों कुटुंबाच्या पडक्या शेडमधल्या गाड्या तर धुळीसकट लिलावात मांडल्या गेल्या. त्यातली एक फेरारी दीड कोटी युरोंच्या वर गेली.

हे वाचून आशा वाढवू नका. बुगाटी टाइप ५७एस मोजक्याच बनल्या, आणि मायनर १९४८ ते १९७१ या काळात सुमारे १६ लाख. जुनी म्हणजे दुर्मीळ असं नसतं, आणि दुर्मीळ असली तरी ती कोणाला तरी हवी असावी लागते. पण मायनर-मायनरमध्येही फरक आहे आणि तुमचा खरा शोध इथून सुरू होतो.

बॉनेट उघडा. इंजिनामागच्या पत्र्यावर रिव्हेट मारलेली एक छोटी प्लेट असेल, तिच्यावर कारखान्याने दिलेला गाडीचा नंबर (नंबरप्लेटवरचा नव्हे). कोरड्या मऊ कापडाने पुसा, घासू नका, आणि फोटो काढा. मग इंजिनावरच्या नंबराचा फोटो. १९६०च्या दशकातल्या गाडीच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं वाचता येतात: दोन दारांच्या साध्या सलूनला, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीला, '२एस', कापडी छताच्या उघड्या गाडीला 'टी', लाकडी चौकटीच्या ट्रॅव्हलरला 'डब्ल्यू'. हे महत्त्वाचं अशासाठी की उघड्या मायनरला सलूनपेक्षा जास्त भाव येतो, म्हणून अनेकांनी सलूनचं छत कापून ती उघडी केली. वरून फरक कळत नाही. नंबरात 'टी' नसेल तर गाडी मुळात उघडी नव्हती, आणि भाव त्याप्रमाणे उतरतो. मामांची ट्रॅव्हलर असेल तर मागच्या लाकडाकडे नीट बघा. ते शोभेचं नाही, बॉडीचा भार त्यावर असतो. सांध्यांपाशी काळं पडून भुसभुशीत झालं असेल तर ते बदलणं मोठं खर्चाचं काम आहे.

इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. मॉरिसच्या जुन्या उत्पादन-नोंदी तिथे जपलेल्या आहेत. नंबर पाठवून फी भरली की ते प्रमाणपत्र देतात: गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, मूळ इंजिन नंबर काय, कुठल्या बाजारासाठी पाठवली. मूळ इंजिन अजून तेच असेल तर हे प्रमाणपत्र फीच्या कितीतरी पट परत देतं. नसेल तरी बिघडत नाही. मायनरमध्ये मागाहून १२७५ सीसीचं इंजिन बसवणं नेहमीचं आहे. फक्त ते आधी सांगितलेलं असावं.

मग कागद. मामांच्या घरातला एकही कागद तो काय आहे हे बघितल्याशिवाय फेकू नका. एका ताईंनी वडिलांच्या गाडीबरोबर मला एक चौकोनी वही दाखवली होती, त्या ती 'हिशेबाची जुनी वही' म्हणून टाकायलाच निघाल्या होत्या. आत प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, ऑइल बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा, कुठला टायर कधी घेतला, सगळं एकाच हस्ताक्षरात. मीटरवरचा कमी आकडा खरा असल्याचा त्याहून चांगला पुरावा कुठला? शेवटी ज्यांनी गाडी घेतली त्यांनी ती वही आधी मागितली. तुम्हीही खरेदीची पावती, दुरुस्तीची बिलं, तपासणीचे दाखले, गाडीसोबतचे जुने फोटो, हँडबुक, जास्तीच्या किल्ल्या, जॅक, हे सगळं एका खोक्यात घाला. गॅरेजच्या फळीवरचे सुटे भागही गाडीबरोबरच ठेवा. ते वेगळे विकायला गेलात तर फार काही हाती लागत नाही, पण गाडीसोबत असले की घेणारा लगेच हो म्हणतो.

प्रकृती तपासताना चकाकीकडे नाही, खाली बघा. मायनरला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून दरवाजाखालच्या लांब पट्ट्या, जॅक लागतो तो आडवा पत्रा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर आणि फरशी या ठिकाणी गंज असेल तर किंमत तिथेच ठरते. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. एखाद्या जागी ते धरत नसेल तर खाली पुट्टी आहे. यांत्रिक कामं त्या मानाने सोपी, कारण सुटे भाग अजून मिळतात. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम मात्र गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतं.

हे सगळं हाती आलं की भाव. जाहिरातीत लोक जे मागतात तो भाव नव्हे, गाडी प्रत्यक्षात कितीला गेली तो भाव. लिलावांचे निकाल ऑनलाइन बघता येतात, पण आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते वाचा. ते धरलेलं असेल तर विकणाऱ्याच्या हातात बरंच कमी पडलेलं असतं, आणि त्यातून त्याचंही कमिशन कापलं जातं. तुलना करताना तोच प्रकार, तीच स्थिती हवी. हॅगर्टी या विमा कंपनीच्या भाव-मार्गदर्शकात स्थितीच्या चार पायऱ्या असतात, पहिली प्रदर्शनातली निर्दोष गाडी आणि चौथी रोजच्या वापरातली, दोष दिसणारी. बंद पडलेली गाडी चौथीच्याही खाली. नातेवाईक जवळजवळ नेहमीच आपली गाडी एक पायरी वर धरतात, मायेपोटी. मामांचा जीव त्यात होता हे खरंच आहे, पण त्याचे पैसे बाजार देत नाही.

मूल्यांकन करून घ्यायचं असेल तर ठरलेली फी आकारणाऱ्या जाणकाराकडून करून घ्या, किमतीवर टक्केवारी मागणाऱ्याकडून नको. आणि ज्याला गाडी घ्यायची आहे त्याच्याकडून तर मुळीच नको, तो कितीही सज्जन असला तरी.

विकायची कुठे? व्यापाऱ्याला द्याल तर झटपट मोकळे व्हाल, पण त्याला त्याचा नफा ठेवायचा असतो. मोठा लिलाव साध्या मायनरसाठी मला पटत नाही, वाहतूक आणि कमिशनमध्येच बरंच जातं. तुमच्या जागी मी आधी मॉरिस मायनर ओनर्स क्लबसारख्या संघटनेकडे किंवा जवळपासच्या मायनरवाल्यांकडे जाईन. त्यांना गाडीची खोड माहीत असते, ते गंज बघून दचकत नाहीत आणि उगाच पाडूनही मागत नाहीत. जाहिरातीत दोष आधी लिहा, खालून काढलेले फोटो टाका. भेटीत निघालेल्या दोषावर ग्राहक भाव पाडतो, आधी सांगितलेल्यावर सहसा नाही. दोन प्रस्ताव जवळपास सारखे असतील तर जो गाडी दुरुस्त करून चालवणार आहे त्याला द्या, थोडं कमी मिळालं तरी. सुट्या भागांसाठी मामांची गाडी कापली गेलेली तुम्हाला बघवणार नाही.

त्या गृहस्थांना सरळ सांगा: "कागदपत्रं आणि मूल्यांकन होईपर्यंत निर्णय नाही, तुमचा आकडा मात्र लिहून द्या." खरा रस असेल तर ते थांबतील. व्यवहार ठरला की पैसे बँकेत जमा झाल्याची खात्री बँकेकडूनच करून घ्या, समोरच्याने दाखवलेल्या मेसेजवर नको. पावतीवर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, तारीख, वेळ, 'आहे त्या स्थितीत, चालू नसलेली' हे शब्द आणि दोघांच्या सह्या हव्यात. चाचणीसाठी रस्त्यावर नेऊ देऊ नका, ट्रेलरवरच जाऊ दे. आणि मालकी बदलल्याची नोंद नव्या मालकावर न सोडता तुम्ही स्वतः करा. ती झाल्यावरच विमा बंद करा, आधी नाही.