मे महिन्यात देवमासे दिसतील का?

प्रश्न : मुलाची शाळा मेमध्येच बंद असते, म्हणून मॉरिशसची तिकिटं काढली. मी, यजमान, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई (वय 68). मुलाला देवमाशांचं वेड आहे. टूरवाल्याने ‘बारा महिने व्हेल दिसतात, सोबत पोहायलाही मिळतं’ असं सांगून फोटो पाठवले. पैसे भरून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, सीझन जुलैनंतर असतो! तिकिटं रद्द केली तर बरंच नुकसान आहे. हॉटेल पूर्व किनाऱ्यावर, बेल मारा या गावात आहे, ते अजून बदलता येईल. शिवाय मला बोट लागते. काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिकिटं राहू द्या. हॉटेल मात्र आजच बदला. 

तुमची मैत्रीण बरोबर आहे आणि टूरवालाही बराचसा बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल बोलताहेत, एवढंच. त्याने पाठवलेले फोटो न बघताही सांगते, त्यात एक देवमासा पाण्याबाहेर उडी घेत असणार आणि त्याचे पुढचे पर लांबच लांब असणार. तो हंपबॅक. तिकडच्या उन्हाळ्यात तो अंटार्क्टिकाकडच्या समुद्रात खातो आणि तिकडे थंडी वाढली की विणीसाठी उबदार पाण्यात येतो. मॉरिशसच्या आसपास तो साधारण जुलै ते ऑक्टोबर असतो. मेमध्ये त्याची वाट बघणं म्हणजे दिवाळीत हापूस शोधणं. मुलाला हे निघण्याआधीच सांगा. पाचवीतल्या मुलांना खरं सांगितलेलं समजतं. विमानतळावर उतरल्यावर सांगितलं तर मात्र रडारड होते.

पण मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की स्पर्म व्हेल राहतात आणि ते खरोखरच वर्षभर असतात. त्यात मुख्यतः माद्या आणि पिल्लं. मोठे नर थंड समुद्राकडे भटकतात. ते इथे टिकतात याचं कारण समुद्राच्या तळात आहे. प्रवाळाची भिंत ओलांडली की तळ झपाट्याने खोल जातो आणि त्या खोलात यांचं अन्न असतं, ते म्हणजे स्क्विड. म्हणून फार लांब न जाता दात असलेला जगातला सगळ्यात मोठा प्राणी बघायला मिळू शकतो. मुलाला हे वाक्य वाचून दाखवा, हंपबॅकचं दुःख निम्मं कमी होईल.

आता हॉटेल. या बोटी सकाळी लवकर निघतात आणि पश्चिमेकडून निघतात : फ्लिक आं फ्लाक, तामारँ, रिव्हिएर न्वार. बेल माराहून रोज पहाटे म्हातारं माणूस आणि झोपाळू मूल घेऊन बेट ओलांडायचं कशाला? फ्लिक आं फ्लाकला राहा. दुसरं कारण वाऱ्याचं. मेपासून तिकडे हिवाळा लागतो आणि आग्नेयेचे वारे जोर धरतात. पूर्व किनारा ते अंगावर घेतो, पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला असतो. बोट लागणाऱ्या बाईने याहून जास्त काही ऐकायची गरज नाही.

बोट ठरवताना ‘व्हेल दिसतील का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘मेमध्ये कोणता व्हेल?’ असं विचारा. जो ‘हंपबॅक’ म्हणेल त्याला नमस्कार करा आणि पुढे चला. मग विचारा की रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या, बाहेर किती वेळ थांबणार आणि हायड्रोफोन आहे का, म्हणजे पाण्यात सोडायचा माईक. डॉल्फिन, व्हेल, इल ओ बेनितिए बेटावर बार्बेक्यू, स्नॉर्केलिंग असं सगळं एका दिवसात कोंबलेलं पॅकेज मला पसंत नाही. त्यात देवमाशाच्या वाट्याला जेमतेम वेळ उरतो आणि जेवण मात्र वेळेवर असतं. बोटीला आणि चालकाला तिथल्या टुरिझम ऑथॉरिटीचं लायसन्स हवं, ते आधी बघा; किनाऱ्यावर फिरत ‘मॅडम, चीप प्राइस’ म्हणणाऱ्याकडे ते असेलच असं नाही. आणि फेरी सुट्टीच्या पहिल्या एक-दोन सकाळींना ठेवा. समुद्र खवळला किंवा काहीच दिसलं नाही, तर पुन्हा जायला दिवस हाताशी राहतो. शेवटच्या दिवशी ठेवणारे लोक मी टूर मॅनेजर असताना भरपूर पाहिले. परतीच्या विमानात ते कोणाशी बोलत नाहीत.

प्रत्यक्षात काय दिसतं, तेही सांगते. उड्या वगैरे क्वचित. चालक इंजिन बंद करतो, माईक पाण्यात सोडतो आणि स्पीकरमधून टक्, टक्, टक् असा कोरडा, एकसारखा आवाज येऊ लागतो. खाली काळोखात शिकार शोधायला केलेला. मग नजर लावून बसायचं. इतर देवमाशांचा फवारा सरळ वर जातो, याचा मात्र पुढे आणि डावीकडे कलतो, कारण नाकपुडी एकच आणि तीही डोक्याच्या डाव्या टोकाला. पाठ बघून आधी ओंडकाच वाटतो. कातडीला मागच्या बाजूला सुरकुत्या असतात. दहाएक मिनिटं तो तसाच श्वास घेत पडून राहतो. नंतर पाठीला बाक येतो, रुंद त्रिकोणी शेपूट पूर्ण वर येते आणि तो खाली जातो. तुमच्या मुलाने कॅमेरा तयार ठेवायचा तो पाठ वाकताना. त्यानंतर पाऊण तास काही नाही. लाडू-चिवड्याचा डबा काढायची वेळ हीच.

पोहण्याचं डोक्यातून काढून टाका. मॉरिशसमध्ये पर्यटकांना देवमाशांसोबत पोहायला कायद्याने बंदी आहे, परवानगी मिळते ती चित्रीकरण वा अभ्यासासाठी. ‘आम्ही करून देतो’ म्हणणारा तुम्हाला आणि देवमाशाला, दोघांनाही अडचणीत टाकेल. तामारँच्या खाडीतल्या स्पिनर डॉल्फिननाही त्रास नको. ते रात्रभर शिकार करून सकाळी विश्रांतीला येतात आणि नेमक्या तेव्हाच बोटींचा गराडा पडतो. गर्दी दिसली तर चालकाला पुढे चला म्हणायला लाजू नका.

तुम्ही मळमळीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर नव्हे. मुलासाठी आणि सासूबाईंसाठी आधी डॉक्टरांना विचारा. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. सासूबाईंना पुढे बसवू नका, स्पीडबोट आपटते ती पुढेच. मागची, सावलीतली जागा आधीच मागून ठेवा. विंडचीटर न्या, मेमधल्या सकाळी ओल्या अंगाला वारा झोंबतो. त्यांना समुद्र नकोच असेल, तर फ्लिक आं फ्लाकजवळ कॅस्कावेल नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि आसपासहून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज राहतात. घरात क्रेऑल बोलतात, पण गणपती आपल्यासारखाच बसवतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पुढे कधी शाळा बुडवायची हिंमत झालीच, तर गणपतीतच जा. आरतीही होईल आणि हंपबॅकही असतील.

यजमानांसाठी एक. पेपरात ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या येतात ना, ती स्पर्म व्हेलच्याच पोटातली. किनाऱ्यावर मेणासारखा गोळा दिसलाच, तर तिथेच सोडा. तो बाळगणं आणि विकणं भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये श्रीलंकेला चाललोय. मिरिसाला निळा देवमासा बघायचाय. कोणती बोट घेऊ?
– कोल्हापूरहून

उत्तर : कोणतीच नको. मिरिसाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. ऑगस्टमध्ये दक्षिण किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारे असतात, समुद्र उसळलेला असतो. तुम्ही पूर्वेला त्रिंकोमालीला जा, तिकडे तेव्हा पाणी शांत असतं आणि निळे देवमासे दिसण्याची शक्यताही असते. कोलंबोहून रस्ता लांबचा आहे, पण वाटेत मिन्नेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात थांबा. ऑगस्ट-सप्टेंबरात तलाव आटतो आणि उघड्या पडलेल्या गवतावर हत्तींचे मोठे कळप उतरतात. दुपारची सफारी घ्या, मुक्काम जवळच्या हबरानाला करा.